७२५ अंशांचं दुखणं

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये मी फार चांगला वैमानिक होतो. कंट्रोल दाबून ई दाबलं की दोन्ही इंजिनं घुमायला लागायची, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ, पुढे ढकललं की विमान पळायचं, आणि खाली येताना जे काही व्हायचं त्याला मी लँडिंग म्हणायचो. विमानाचीही त्याला हरकत नसायची. समजूतदार विमान होतं ते.

मग मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी ‘खऱ्यासारखं’ बोइंग ७३७-८०० विकत घेतलं. सिम्युलेटरमध्ये आधीपासून असलेलं जेट इंजिनाचं गणित कामाचं नाही म्हणून बनवणाऱ्यांनी स्वतःचं वेगळं गणित लिहिलंय, हवेचा दाब, तेलाचं तापमान, इंधनाचा प्रवाह सगळं सेकंदासेकंदाला मोजलं जातं, असं त्याच्या वर्णनात होतं. हे वाचून मी हरखलो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. खऱ्याखुऱ्या माणसांशी माझं धड जमत नाही, खऱ्यासारख्या इंजिनाशी काय जमणार?

पहिल्या रात्री विमान ‘कोल्ड अँड डार्क’ उभं होतं. म्हणजे सगळं बंद, सगळं काळोखात, आणि डोक्यावरच्या पॅनेलवर बटणांची आख्खी वसाहत. कंट्रोल-ई दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. खऱ्या विमानात कंट्रोल-ई नसतं हे त्याने न बोलता मला सांगितलं.

शेवटी चेकलिस्ट उघडली. बॅटरी लावली, इंधनाचे पंप लावले, एपीयू सुरू केलं. एपीयू म्हणजे शेपटीत दडलेलं छोटं इंजिन. त्याची दाबाखालची हवा पंखांखालच्या मोठ्या इंजिनाच्या स्टार्टरला मिळते, त्या हवेवर इंजिनाचा आतला दांडा फिरू लागतो. त्याच्या वेगाला एन-टू म्हणतात. एन-टू २५ टक्क्यांवर पोचला की स्टार्ट लिव्हर वर करून इंधन सोडायचं. मग आग पेटते, आणि पुढे ५६ टक्क्यांच्या आसपास स्टार्टर आपणहून बाजूला होतो. वाचायला किती सोपं आहे!

माझा एन-टू १८ वर येऊन बसला. म्हणजे अगदी मांडी घालून. १८.१, १८.०, १८.१. मी स्क्रीनच्या जवळ गेलो, लांब आलो. खुर्चीची उंची बदलली. (याने काही होत नाही, पण हातून काहीतरी घडल्याचं समाधान मिळतं.) तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली.

“निघालं का रे तुझं विमान?”

“निघतंय.”

“मघाशीही निघतच होतं.”

या वाक्याने माझा तोल गेला. पंचवीस नाही तर अठरा, सात टक्क्यांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून मी लिव्हर वर केला.

आभाळ कोसळलं नाही, पण ईजीटीचा काटा चढायला लागला. ईजीटी म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान. सुरू होताना त्याची मर्यादा ७२५ अंश सेल्सियस. काटा ४०० वर गेला, ५०० वर गेला, तेव्हा मला उगाच अभिमान वाटला, की बघा, पेटलं! ६०० नंतर त्या आकड्याभोवतीची चौकट उघडमीट करायला लागली. इंधन भरपूर, हवा अपुरी, मग आतली आग थंड करायला काहीच नाही. याला हॉट स्टार्ट म्हणतात. मी लिव्हर खाली करायला माउस शोधत होतो, आणि माउस भलत्याच पॅनेलवर गेला होता. शेवटी इंजिनाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरने इंधन तोडलं. लहान मुलाच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी तसं माझ्या हातातून इंजिन काढून घेतलं गेलं.

पुढचे दोन तास मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. अ‍ॅड-ऑन म्हणजे हे विकतचं विमान काढून पुन्हा टाकलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला. जॉयस्टिकची केबल दुसऱ्या पोर्टमध्ये खोचली. बनवणाऱ्यांना एक कडक पत्रही लिहायला घेतलं, ‘आपल्या इंजिनात गंभीर दोष आहे’ असं. पत्रात नेमकी माहिती असावी म्हणून पॅनेल एकदा नीट पाहिलं, तर दोन्ही पॅक चालू.

पॅक म्हणजे केबिनची वातानुकूलन यंत्रं. तीही त्याच एपीयूच्या हवेवर चालतात. स्टार्टरला द्यायची हवा मी नसलेल्या प्रवाशांना गार करण्यात घालवत होतो. जुन्या विमानात पॅकचं बटण नुसतं चित्र होतं, या विमानात त्याच्या मागे खरी नळी होती. दोन बटणं बंद केली आणि एन-टू सरळ पंचविसापर्यंत गेला. पत्र मी पाठवलं नाही, पण त्यातलं ‘गंभीर दोष’ हे निदान बरोबर होतं, फक्त पत्ता चुकला होता.

इंजिन सुरू झालं म्हणजे निघालो असंही नाही. टेकऑफचा जोर देण्याआधी ते दोन मिनिटं गरम होऊ द्यायचं. नव्या जातीच्या इंजिनांचे तर नखरे विचारू नका. बंद केल्यावर आतली उष्णता वर चढते, दांड्याची वरची बाजू उशिरा थंड होते, त्याने दांडा किंचित वाकतो, म्हणून पुढच्या वेळी पेटवण्याआधी त्याला नुसतंच फिरवत बसावं लागतं. आता तेही सिम्युलेटरमध्ये हुबेहूब येतं. न वाकलेला दांडा सरळ होण्याची वाट पाहत मी एक रात्र घालवली आहे.

टेकऑफचं थोडक्यात सांगतो. थ्रॉटल एकदम पुढे सारायचं नसतं. पुढच्या मोठ्या पंख्याचा वेग ४० टक्क्यांवर आला की थांबायचं, दोन्ही इंजिनं एकसारखी झाली की मग पुढे. हे मला डावं इंजिन झोपेत आणि उजवं जागं असताना कळलं. तोवर विमान रनवेच्या डावीकडच्या गवतात होतं.

पण इंजिनाचं खरं दर्शन उतरताना होतं. विमान उंच राहिलंय म्हणून मी थ्रॉटल पार मागे घेतलं. ही मोठी विमानं फार घसरडी असतात, खाली या म्हटलं तर वेग वाढवतात, वेग कमी करा म्हटलं तर खाली यायचं विसरतात. दोन्ही साधायला मी पंखांवरचे स्पीड ब्रेक उघडले, चाकं सोडली, फ्लॅप सोडले, आणि मग वेग जो पडायला लागला तो थांबेना. घाईघाईने थ्रॉटल पुढे केलं. इंजिन म्हणालं, बघू.

चूक त्याची नाही. एवढा मोठा पंखा आणि त्यामागची चक्रं वेगात यायला वेळ लागतो. इंधन एकदम ओतलं तर कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा दाबणाऱ्या भागात, हवेचा श्वास कोंडतो, म्हणून कॉम्प्युटर ते बेताबेताने सोडतो. थ्रॉटल पुढे केल्यापासून ८ सेकंदांत पुन्हा वर चढता येईल एवढा जोर मिळाला पाहिजे, असा विमानांसाठी नियमच आहे. आठ सेकंद कागदावर चिमूटभर दिसतात. मी मिनिटाला ९०० फुटांनी खाली येत होतो, म्हणजे आठ सेकंदांत १२० फूट. माझ्याकडे होते १५०. आयुष्यात गणिताचा उपयोग काय, असं शाळेत विचारणारा मुलगा मीच.

मग जोर आला. सगळाच्या सगळा, एकदम, आता नको असताना. इंजिनं पंखांखाली टांगलेली, त्यामुळे जोर आला की नाक वर जातं. नाक वर गेलं, मी खाली दाबलं, चाकं आपटली, विमान उसळलं, मी पुन्हा ओढलं. ७३७-८०० ची चाकं जमिनीवर असताना नाक ११ अंश वर गेलं तर शेपूट घासतं, आणि माझं किती गेलं होतं ते मी पाहिलं नाही, आवाज ऐकला. तीन हप्त्यांत उतरलो. टायर तापले, ब्रेक तापले. जुन्या विमानात हे दुसऱ्या दिवशी पुसलं जायचं. हे मात्र सगळं जपून ठेवतं, तेल किती उरलं तेसुद्धा. आजचं पाप उद्या कॉकपिटमध्ये आधी येऊन बसलेलं असतं.

तरी पोचलो. विमान जागेवर उभं केलं, पार्किंग ब्रेक लावला. पण इंजिन लगेच बंद करायचं नाही, तीन मिनिटं निवू द्यायचं. मी हाताची घडी घालून ईजीटीकडे बघत बसलो. घरात सगळीकडे दिवे मालवले होते, पण आई अजून जागी होती.

“पोचलं ना आता? मग कशाला बसलायस?”

“थंड होतंय.”

“कोण?”

मी उत्तर दिलं नाही. अजून चाळीस सेकंद बाकी होते.