थिब्सला काढलं, आता खूश?

दुपारी मीटिंगमध्ये होते आणि फोन टेबलावर सारखा थरथरत होता. मला वाटलं शाळेतून असेल. बाहेर येऊन बघते तर आपला निक्सवाल्यांचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या एनबीए बास्केटबॉल टीमच्या चाहत्यांचा ग्रुप. आपला कोच टॉम थिबोडो, म्हणजे थिब्स, त्याला काढलं. आणि खाली फटाके, अंगठे, नाचणारी माणसं. "फायनली!" "सुंठीवाचून खोकला गेला!" एकाने तर नव्या कोचची यादीसुद्धा टाकली होती. शनिवारी इंडियानाच्या पेसर्सकडून ईस्टच्या फायनलमध्ये हरलो, आज मंगळवार, 3 जून 2025, आणि याची यादी तयार.

ग्रुपवर भांडत बसले तर नवऱ्याचा फोन वाजत राहतो (तोही त्याच ग्रुपवर आहे आणि त्याने अंगठा दिलाय, त्याच्याशी नंतर बोलते), म्हणून इथे लिहितेय.

हा माणूस 2020 मध्ये आला तेव्हा आपली टीम काय होती, आठवतंय? 21 मॅचेस जिंकलेली, 45 हरलेली. त्याने पहिल्याच सीझनला प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) नेलं, कोच ऑफ द इयर झाला. गेल्या वर्षी 50 विजय, यंदा 51. गेल्याच महिन्यात बॉस्टनला, गतविजेत्या बॉस्टनला, त्यांच्याच कोर्टवर लागोपाठ दोन मॅचेसमध्ये वीस-वीस पॉइंट्सनी मागे पडून हरवलं, तेव्हा याच ग्रुपवर "थिब्स इज अ जीनियस" कोण लिहीत होतं? स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. ईस्टची फायनल, म्हणजे एनबीएची सेमीफायनलच, आपण 2000 नंतर पहिल्यांदा खेळलो. त्या 2000 च्या टीमच्या बेंचवरही हा होताच, जेफ व्हॅन गंडीचा असिस्टंट म्हणून. तेव्हा आपल्यातले निम्मे क्रिकेटपलीकडे काही बघत नव्हते.

मला एवढा राग का येतोय ते सांगते. मुलीच्या रेक (हौशी) लीगच्या टीमला कोच मिळत नव्हता म्हणून एक सीझन मी उभी राहिले होते, ते तुम्हाला माहीत आहे. फोटोंना लाइक्स दिले होतेत. पाचवीतल्या मुली. एका मॅचला शेवटचं मिनिट, आम्ही दोन पॉइंट्सनी पुढे, मी टाइमआउट घेतला. गुडघ्यावर बसून बोर्डवर भराभर काढतेय, ही इथून पास देईल, ती तिकडे पळेल. दोघींचं लक्ष स्कोअरबोर्डकडे, एक बुटाची लेस बांधतेय, आणि एक अगदी मन लावून बघून मला विचारते, "यातला मी कुठला एक्स?"

आणि मागून एक बाबा. अख्खी मॅच. "उंच मुलीला आत का नाही घेत? उंच मुलीला घ्या!" उंच मुलगी म्हणजे त्यांचीच. वॉर्मअपमध्ये तिचा घोटा दुखावला होता आणि तिने ते फक्त मला सांगितलं होतं. बाबांना सांगू नका म्हणाली होती. मी काय करणार होते, मागे वळून ओरडून सांगणार होते?

आता या बाबांच्या जागी टीव्हीवरचे पॅनेलवाले ठेवा. आणि आपला ग्रुप ठेवा.

पेसर्सविरुद्धची पहिली मॅच कोणाला विसरता येणार आहे? तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती आणि आपण 14 नी पुढे. मग त्यांचा तो एरन नेस्मिथ एकामागून एक थ्री (लांबून तीन पॉइंट्सचे शॉट) टाकत सुटला. शेवटी त्यांच्याच हॅलिबर्टनचा शॉट रिमवर आपटून आभाळात गेला आणि बरोब्बर आत पडला. पाय रेषेवर होता म्हणून दोनच पॉइंट्स, ओव्हरटाइम, 138-135, खेळ खल्लास. त्या रात्री मीही उशी फेकली. पण मला सांगा, त्या बॉलने रिमवर कसं उसळायचं हे थिबोडोने ठरवलं होतं का? फ्री थ्रो चुकतात, हातातला बॉल सुटतो, हे त्याने बोर्डवर काढून दिलं होतं? मुली पळायच्या तिकडे पळाल्या नाहीत तरी बाबा माझ्याच नावाने ओरडत होते, तसंच हे.

हो, त्याने बेंच, म्हणजे राखीव खेळाडू, फारसा वापरला नाही. पहिल्या पाच जणांना दमेपर्यंत खेळवतो, त्या पाचांतला मिकाल ब्रिजेस स्वतः उघडपणे बोलला होता त्यावर. मान्य. मिचेल रॉबिन्सनला सुरुवातीपासून खेळवायला आणि शॅमेट, राइटला कोर्टवर आणायला त्याने सिरीजची तिसरी मॅच उजाडू दिली, तेही मान्य. पण ती मॅच आपण वीसने मागे पडून जिंकलो की नाही? म्हणजे बदलतो हा माणूस. उशिरा बदलतो.

मुळात कोच काय करतो हे आपल्याला दिसतच नाही. टीव्हीवर बॉल दिसतो. बॉल बाहेर गेला की पुढच्या रांगेतले सिनेमावाले: शालामे दिसतो, स्पाइक ली दिसतो, बेन स्टिलर डोक्याला हात लावून बसलेला दिसतो. शेवटच्या मिनिटाला साइडलाइनवरून बॉल आत यायचा असतो, कोण कोणासाठी स्क्रीन लावतोय (डिफेंडरची वाट अडवतोय) हेच तर बघायचं असतं, आणि कॅमेरा सेलिब्रिटीच्या टोपीवर. परत येईपर्यंत पास झालेला असतो. टाइमआउटमध्ये माइक लावून कोचचं बोलणं ऐकवतात, त्यातही "डिफेन्स करा, एकत्र राहा" एवढंच. कामाचं ते कोण ऐकवणार? लगेच ट्रकची जाहिरात.

एकदा आपल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अगदी वरच्या रांगेत बसून मॅच बघा. खेळाडू मुंगीएवढे दिसतात, पण दहाच्या दहा दिसतात. बॉल नसलेल्या बाजूला केवढी धावपळ चाललेली असते! आणि थिब्सचा तो घोगरा आवाज टीव्हीवर प्रत्येकाने ऐकलाय, "आइस! आइस!" करत तो बेंबीच्या देठापासून ओरडतो तो. त्याची नक्कल सगळे करतात. तो काय सांगत असतो? कडेला पिक अँड रोल आला, म्हणजे बॉलवाल्यासाठी साथीदार वाट अडवून मग बास्केटकडे पळाला, की बॉलवाल्याला मधे येऊ द्यायचं नाही, बेसलाइनकडेच (कोर्टच्या टोकाच्या रेषेकडे) ढकलायचं. 2008 ला बॉस्टन चॅम्पियन झालं तेव्हाचा डिफेन्स तिथे असिस्टंट असलेल्या याच थिब्सने बसवलेला होता. हे कॉमेंट्रीत किती वेळा सांगितलं? त्यापेक्षा लेब्रॉन मोठा की जॉर्डन मोठा यावर अर्धा तास बोलतील.

शनिवारी आपण हरलो तीच टीएनटी चॅनेलची शेवटची एनबीए मॅच होती, हे हरण्याच्या नादात विसरायला झालं. तिथल्या शोमधले अर्नी, केनी, शॅक, चार्ल्स पुढच्या सीझनपासून ईएसपीएनवर दिसणार, तरी माझ्या डोळ्यात पाणी आलं. इतक्या रात्री या चौघांबरोबर जागून काढल्यात. हसवलं त्यांनी खूप. शिकवलं फार नाही. केनी उठून मोठ्या स्क्रीनकडे धावतो आणि एखादा प्ले थांबवून दाखवतो, तेवढं सोडून. बाकी चार्ल्सने "हे काही जिंकत नाहीत" म्हटलं की दुसऱ्या दिवशी सगळा देश तेच म्हणतो.

आणि मालकांचंही तसंच झालंय. 2019 ला टोरांटोला चॅम्पियन करणारा निक नर्स, काढला. 2020 चा लेकर्सचा व्होगेल, काढला. 2021 चा मिलवॉकीचा बुडनहोल्झर, काढला. 2023 ला डेन्व्हरला पहिलीवहिली ट्रॉफी दिली मलोनने, त्याला या एप्रिलमध्ये रेग्युलर सीझनच्या तीन मॅचेस शिल्लक असताना काढला. तीन! मिलवॉकीने तर एड्रियन ग्रिफिनला 30 विजय, 13 पराभव असताना घालवलं आणि ईएसपीएनवर कॉमेंट्री करणाऱ्या डॉक रिव्हर्सला आणून बसवलं. डॉकने त्या सीझनला काय केलं? 17 विजय, 19 पराभव, पहिल्या फेरीत घरी. पंधरा खेळाडू बदलता येत नाहीत, त्यांचे करार डोक्यावर असतात, म्हणून एक माणूस बदलायचा.

आता कोणीतरी खाली स्टीव्ह कर लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते. हो, वॉरियर्सने 51 विजयांनंतर मार्क जॅक्सनला काढलं आणि पुढच्याच वर्षी करने ट्रॉफी आणली. होतं असं कधीकधी. पण आपल्याकडे त्यांच्यासारखा स्टेफ करी हा स्टार खेळाडू नाहीये.

उलट सॅन अँटोनियो स्पर्सच्या पॉपोविचकडे बघा. 1996 मध्ये सीझन चालू असताना त्याने स्वतःच कोचची खुर्ची घेतली आणि टीम 20 विजय, 62 पराभवांवर संपली. आजच्या हिशेबाने तो उन्हाळ्यातच घरी बसला असता. गेल्या महिन्यात तो पायउतार झाला तेव्हा पाच ट्रॉफ्या होत्या. टिम डंकनसारखा खेळाडू मिळाला हे खरं, पण डंकन मिळेपर्यंत त्याला राहू दिलं हेही खरंच ना?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. वाईट वाटतंय जास्त. ज्या माणसाला या टीमशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं असं सगळेच म्हणतात, त्याला निकालानंतर तिसऱ्या दिवशी एक निवेदन काढून मोकळं केलं. म्हणे चॅम्पियनशिप हे एकच ध्येय. आपल्या शेवटच्या ट्रॉफीपासून, 1973 पासून, कोणाचं दुसरं ध्येय होतं? व्हॅन गंडीनंतर किती कोच आले-गेले ते मोजायलाही कंटाळा येतो, लॅरी ब्राउनसारखा दिग्गजसुद्धा एका वर्षात गेला. त्या सगळ्यांत प्लेऑफमध्ये इतकं जिंकून देणारा हा एक, आणि हाच नको झाला.

त्या बाबांनी सीझन संपल्यावर मला मेल केला होता. आभाराचा नाही. पुढच्या वर्षी कोच कोण असेल याची विचारणा. मी उत्तरात एवढंच लिहिलं की जागा रिकामी आहे, तुम्ही या. अजून आले नाहीत.

गुरुवारपासून फायनल. मी ओक्लाहोमाच्या बाजूने, पेसर्सना टाळ्या वाजवणं मला या जन्मी जमणार नाही. आमच्याकडे बघायला या, पण माझ्यासमोर नव्या कोचचं नाव काढायचं नाही. आणि इथे खाली यादी टाकलीत तर डिलीट करेन.