पाल्यास ‘बायल्या’ म्हणावयास शिकविताना

आपल्या पाल्याने वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हटल्याची तक्रार शाळेतून आली, तर घाबरून जाण्याचे मुळीच कारण नाही. उलट, इतकी वर्षे घरात न बोलता दिलेले शिक्षण फळाला आले म्हणून मनातल्या मनात पेढे वाटावेत आणि मुख्याध्यापकांसमोर ‘अहो, लहान आहे तो, त्याला अर्थ तरी कळतो का’ एवढेच म्हणावे. अर्थ त्याला कळत नाही हे खरेच आहे. परंतु तो शब्द कोणाला, केव्हा आणि किती मोठ्याने म्हणायचा हे त्याला नेमके कळते, आणि व्यवहारात तेवढे पुरते.

या कामी सुरुवातीची काही वर्षे निसर्ग आपल्याला साथ देतो. फ्रॉक घातला की मुलगा मुलगी होतो असे लहान मुलांना खरोखर वाटू शकते आणि सहा-सात वर्षांच्या सुमारास हा समज सुटतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ साली मांडले होते. पाचव्या-सहाव्या वर्षी मुले याबाबतीत फौजदारासारखी कडक असतात. पुढे मात्र त्यांतली बरीचशी सैल पडू लागतात आणि ‘त्याला आवडते तर खेळू दे की’ अशी बेजबाबदार विधाने करू लागतात. पालकांनी लक्ष घालायचे ते याच वयात. फ्रॉकने मुलगा बदलतो हा समज मुलाचा सुटला तरी चालेल, आपला सुटता कामा नये.

मुलींच्या बाबतीत एवढी दक्षता लागत नाही. पँट घालून गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या लेकीविषयी ‘ही आमची मुलगी नाही, मुलगाच आहे’ असे पाहुण्यांना खुशाल सांगावे. ते कौतुक समजले जाते, आणि तिला पाळी येईपर्यंत ते निभावते. (त्यानंतर ‘आता मोठी झालीस’ हे तीन शब्द पुरेसे असतात.) मुलाविषयी मात्र ‘हा आमचा मुलगा नाही, मुलगीच आहे’ असे अभिमानाने सांगणारा बाप निदान माझ्या पाहण्यात नाही. वर चढण्याला बढती म्हणतात आणि खाली उतरण्याला शिक्षा, हे कार्यालयातले गणित मुलांना बालवाडीतच उमगलेले असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली फॅगॉट यांनी १९७७ साली बालवाडीच्या वयातील मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यातही मुलींचे मानले गेलेले खेळ खेळणाऱ्या मुलग्यांना सवंगड्यांची बोलणी खावी लागत होती आणि ते अधिक वेळा एकटेच खेळत होते. उलट वागणाऱ्या मुलींच्या वाट्याला ते आले नव्हते.

घरातल्या शिकवणीसाठी पाठ्यक्रम लागत नाही. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून आला की पोट धरून हसावे, आणि हसताना मूल शेजारी बसलेले असेल याची काळजी घ्यावी. त्याच संध्याकाळी मुलाने आईची ओढणी डोक्यावरून घेऊन आरशासमोर गिरकी घेतली, तर हसू नये; एकदम गप्प व्हावे. ओरडण्यापेक्षा ही शांतता अधिक काम करते. पुरुषाने साडी थट्टेसाठी नेसली तर चालते, आवड म्हणून नेसली तर चालत नाही, हा बारकावा मूल तेवढ्यात शिकते आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गालाही शिकवते.

शासनाकडून अधूनमधून अडथळे येतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आईबरोबर भाजी निवडणाऱ्या वडिलांचे चित्र छापले होते. असे पान आले की चटकन उलटावे, आणि उलटताना स्वयंपाकघराकडे पाहून चहा मागावा. एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्थेने तर २०२१ साली तृतीयपंथी आणि लिंगभावाच्या चौकटीत न बसणाऱ्या मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिकाच तयार केली होती. आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवण्यात आली, त्यामुळे तिकडून तूर्त धोका नाही.

खरी पंचाईत आपल्या परंपरेची आहे. समजा, शाळेचे स्नेहसंमेलन पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहे आणि लावणीत नाव दिलेल्या एका मुलाला बाईंनी वगळून मावळ्यांच्या नाचात उभे केले आहे. अशा वेळी हे बालगंधर्व कोण, असे पाल्याने विचारले, तर ‘मोठे गायक होते’ एवढ्यावरच थांबावे. ते शालू नेसून रंगभूमीवर येत, त्यांचे नेसणे आणि अंबाडा पाहून घरंदाज बायका तसे करू पाहत, आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, हा तपशील नववीनंतर सांगावा. आषाढात पालखीच्या वाटेवर गळ्यात तुळशीची माळ घातलेले मिशाळ शेतकरी एकमेकांचे हात धरून फुगडी घालताना दिसले, तर मुलाला उसाचा रस पाजायला न्यावे. ज्ञानेश्वरांना ‘माउली’ आणि विठोबाला ‘विठाई’ का म्हणतात, या प्रश्नाला ‘देवाधर्माचे वेगळे असते’ हे उत्तर आजवर कामी आलेले आहे.

अखेरीस प्रात्यक्षिक. ‘आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत’ असे गरजणारे पुढारी आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवणारे आंदोलक बातम्यांत पाहून पाहून एखादे हुशार मूल आईच्या डब्यातल्या चार हिरव्या बांगड्या दप्तरातून नेते आणि वर्गातल्या त्या मुलापुढे सर्वांसमक्ष ठेवते. इथवर सारे योजल्याप्रमाणे होते. मात्र क्वचित असेही घडू शकते की तो मुलगा त्या बांगड्या सावकाश मनगटावर चढवतो, हात कानाशी नेऊन वाजवून पाहतो आणि ‘अजून आहेत का?’ असे विचारतो. मग मागच्या बाकावरची दोन पोरेही आपापले हात पुढे करतात. अशा वेळी पालकांनी काय करावे, हे मला अद्याप सुचलेले नाही.