माडाची भिंगरी आणि मीटरचा लाल दिवा: वायरमनकाकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खाली 'निवृत्त वायरमन' अशी सही आहे, म्हणजे विजेतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे धरूनच लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. देवगड तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांकडून मी माडाच्या पात्यांच्या भिंगऱ्या करून घेतल्या, देवगडच्या पवनचक्क्या दाखवल्या आणि घरच्या मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजून आणायला सांगितलं, असं त्यात होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: भिंगरी हा खेळ झाला, त्यात शिकणं कुठलं; एवढ्याशा मुलांना मीटरपाशी धाडणं बेजबाबदारपणाचं; वारा चार महिने आणि वीज लागते बारा महिने, तेव्हा पवनचक्कीचं कौतुक त्यांच्या डोक्यात भरवणं भाबडेपणाचं; आणि 'एक दिवा बंद करून बिल किती कमी येतं ते आधी सांगा.'

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं-माझं जमतं. एका दिव्याने बिल काही कमी येत नाही. ९ वॅटचा एलईडी आणि २००० वॅटचा गिझर घ्या. गिझर पाव तास चालला की अर्धं युनिट गेलं. तेवढ्याच विजेवर तो दिवा पंचावन्न तास जळेल. तरीही शाळाशाळांतून मुलांना शपथ दिली जाते ती दिवा बंद करण्याची! मी ती देत नाही. सहा वर्षांच्या पोराला 'तू दिवा चालू ठेवलास म्हणून पृथ्वी तापली' असं ऐकवायचं आणि मागच्या न्हाणीघरात गिझर तासभर तसाच, हे मला पटत नाही. मुलाला आधी मोठं काय नि बारीक काय एवढं कळू दे. कुठे वाचवायचं ते मग त्याचं त्याला दिसतं, उलट घरच्यांनाही ते ऐकवतं.

म्हणून तर मीटर. तुमच्या मीटरवर बारीक अक्षरांत, एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. आमच्या वाडीत बहुतेकांच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची, मोठ्या माणसाने मोबाईलवर एक मिनिट लावायचं आणि पोराने मोजायचं. ७५ वॅटचा जुना पंखा असेल तर मिनिटाला चार. हजार वॅटची इस्त्री तापत असेल तर त्रेपन्नच्या आसपास. दोन हजारी गिझर असेल तर शंभराच्या वर, तिथे पहिलीच्या पोरांची जीभच अडखळते. आणि एलईडी दिवा? मिनिट संपतं तरी पुष्कळदा काहीच होत नाही, कारण तो दोन मिनिटांतून एकदा लुकलुकणार. 'बाईनू, आमचो मीटर बिघडलो,' असं सांगत एक जण आला होता, तो याच पायी.

पण खरी मजा मोजण्याच्या आधी असते. मी अंदाज विचारते. सगळ्यात जास्त कोण खात असेल? दरवर्षी पहिला नंबर पंख्याचा, मग मिक्सर, मग टीव्ही. इस्त्रीचं नाव कोणी घेत नाही. मुलांच्या हिशेबात जे फिरतं, ओरडतं किंवा चमकतं ते वीज खातं. गपचूप बसून तापणारी वस्तू त्यांच्या हिशेबातच नसते. आकडे फळ्यावर आले तेव्हा दुसरीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, 'इस्त्री हलणा नाय, आवाज करणा नाय, मगे खाता कशी?' काका, या प्रश्नासाठी मी अख्खा आठवडा द्यायला तयार आहे. तापवायला वीज भरपूर लागते, हलवायला त्या मानाने कमी, आणि उजेड पाडायला आता अगदीच थोडी, ही उतरंड तिला पाठ करावी लागली नाही. मग मिक्सरची पाळी. तो पाचशे-साडेसातशे वॅटचा, आवाज घरभर, पण वाटण दोन मिनिटांत होतं. फ्रिज मिनिटाच्या मोजणीत साधा वाटतो, पण तो दिवसरात्र आहेच. म्हणजे किती जोरात आणि किती वेळ, असे दोन हिशेब आले. युनिट म्हणजे हेच ना? तो शब्द मी अजून उच्चारलेलाही नाही. 'आधी पाढे शिकवा' असंही तुम्ही लिहिलंत. हे पाढेच आहेत की.

धोक्याचं म्हणाल तर तुमची धास्ती रास्त आहे, आणि तिला नियम आहेत. घरातलं मोठं माणूस सोबत हवं. पोराचे हात पाठीमागे, मीटरपासून दोन पावलं लांब. बटणं मोठ्यांनीच दाबायची, गिझर आणि पंप तर त्यांनीच. पेटीचं झाकण तुटलंय, वायर लोंबतेय किंवा पावसात भिंतीला ओल आलीय, त्या घरात मोजायचं नाही, शेजाऱ्यांकडे मोजायचं. अशी दोन-तीन घरं दरवर्षी निघतात आणि त्या आईबापांना मी वायरमनला बोलवायला सांगते. तुमच्याच खात्याचं काम वाढवते म्हणा ना.

आता वारा. चार महिन्यांचं तुमचं म्हणणं मोठ्या चक्क्यांच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. देशातली पवनवीज मुख्यतः पावसाळ्याच्या वाऱ्यावर होते. कोकणाला वारा आहे तर चक्क्या घाटावर का, हेही तुम्ही विचारलंत. सुरुवात किनाऱ्यावरच झाली होती. १९८६ मध्ये देशातली पहिली पवनऊर्जा केंद्रं उभी राहिली ती गुजरातेत ओख्याला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि आपल्या रत्नागिरीला, एकेक चक्की ५५ किलोवॅटची. पुढे मोठा पसारा साताऱ्याच्या पठारांवर गेला, चाळकेवाडी-वनकुसवड्याकडे, कारण सह्याद्री चढून जाणारा वारा माथ्यावर जोर धरतो. आणि या धंद्यात जोरालाच किंमत! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते. थोड्या जास्त वाऱ्यासाठी माणसं डोंगर का चढली, याचं उत्तर त्या आठपटीत आहे. हे मी दुसरीला शिकवत नाही, तुम्हाला सांगतेय.

दुसरीला भिंगरी पुरते. झावळीचं पातं, मधे हीर, अडकवायला करवंदीचा काटा. पातं सपाट ठेवलं तर भिंगरी ढिम्म. जरा पिळलं की फिरते. वाऱ्याकडे तोंड नसेल तर पिळलेलीही थांबते. मोठी चक्की वाऱ्याकडे तोंड वळवते आणि पाती फिरवून कोन बदलते, ते हेच. पोरांनी हे हाताने केलेलं असल्यामुळे देवगडला गेल्यावर 'ती आज हयसर कित्या बघता?' असं त्यांनीच विचारलं. खेळ आहे हे खरंच. पण खेळता खेळता एवढं कळत असेल तर माझी काही तक्रार नाही.

शाळा भरताना आणि सुटायच्या आधी, अशी दोनदा आम्ही भिंगरी घेऊन पटांगणात जातो. हिवाळ्यात सकाळी ती जेमतेम हलते आणि दुपारी भिरभिरते. जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमीन आधी गार होते आणि मतलई वारे उलटे वाहतात. पुस्तकात हे वरच्या वर्गात येतं. पण मच्छीमारांच्या पोरांना आजोबांकडून आधीच ठाऊक असतं की शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायची. मी फक्त भिंगरी मधे आणली.

आणि मग तुमचाच प्रश्न ती विचारतात. वारा पडला की दिवे कसे लागतात? भाबडेपणाची भीती मला म्हणूनच वाटत नाही. मी सांगते की आपल्या वायरीत एकट्या वाऱ्याची वीज नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं त्याची आहे, चंद्रपूरच्या कोळशाची आहे, उन्हाची आहे, आणि वारा असेल तेव्हा वाऱ्याची. एकाने हात टेकले की दुसऱ्याने ओढायचं. तुफानात चक्की जास्त फिरत असेल ना, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नाही. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वारा गेला की मोठ्या चक्क्या स्वतःला थांबवतात, नाहीतर मोडतील. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा ही पोरं फार लहान होती, पण खांब पडून गाव किती दिवस अंधारात होतं ते घरोघरी ऐकलेलं आहे. वीज तयार करणं एक आणि ती घरापर्यंत आणणं दुसरं, हे त्यांना तुमच्या खात्यातल्या माणसांमुळे कळतं, चक्कीमुळे नाही.

खेळण्यातली मोटर जोडून भिंगरीवर दिवा लावून दाखवा, असं आणखी एका वाचकाने सुचवलंय. एवढ्याशा भिंगरीला ती मोटर ओढवत नाही, आणि लाल एलईडीलासुद्धा दोनेक व्होल्ट लागतात. पाठीमागे सेल लपवून मुलांना टाळ्या वाजवायला लावण्यापेक्षा दिवा न लागलेला बरा.

आता एक विनंती. फिरत्या चकतीचा जुना मीटर तुमच्याकडे पडून असेल तर शाळेला द्याल का? जोडायचा नाहीये, नुसता उघडून दाखवायचा आहे. चकती कुणी फिरवली आणि आकडे कसे पुढे सरकले, हे तुम्हीच येऊन सांगितलंत तर आणखी बरं. शनिवारी शाळा सकाळची असते. चहा माझ्याकडे, चुलीवरचा.