वरचं दूध

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं आणि मी इथं ब्रिटनमधल्या रेडिंगला ऑफिसात दिवसभर फोन पालथा ठेवायचा, पुन्हा उलटायचा, एवढंच करत होते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी दहा आठवड्यांची आहे. वजन हवं तसं वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी अंगावर पाजून झाल्यावर दिवसातून तीनदा डब्याचं दूध द्यायला सांगितलं. भावजयीनं ‘हाच डबा का?’ असं विचारायला फोटो काढला आणि तो भावाऐवजी ग्रुपवर गेला. झालं.

आत्यानं लिहिलं, “आमच्या वेळी कुठं होते डबे? सगळी पोरं अंगावरच वाढली.” चुलतभावानं ‘डब्याचं दूध म्हणजे विष’ असा कुठूनतरी आलेला मेसेज पुढं ढकलला. त्यावर पुण्याच्या चुलतबहिणीनं सुनावलं, “अंगावर पाजायची सक्ती म्हणजे बाईला गाय समजणं.” काकांनी मधला मार्ग म्हणून म्हशीच्या दुधात पाणी घालून द्यायला सांगितलं. त्या सल्ल्याला तीन अंगठे आले. भावजय गप्प. दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं, तिनं तो डबा कपाटात साड्यांच्या मागं ठेवलाय.

तो साड्यांमागचा डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडं या दुधाला किती नेमका शब्द आहे. वरचं दूध. वरचं म्हणजे त्याच्याखाली आधी आईचं आहेच. आपल्या आज्या-पणज्यांनी हा शब्द केला तेव्हा त्यांच्या घरात दोन्ही दुधं होती, आणि माजघरातल्या फळीवर बाळाला पाजायचं पितळेचं किंवा चांदीचं चोचीचं भांडं, बोंडलंही होतं. मग आज ग्रुपवर सगळे एका दुधाच्या बाजूनं उभे राहून दुसऱ्यावर का तुटून पडतात? पुण्याची बहीण तरी काय वेगळं करते? भावजयीला पाजायचंय. तिला तिचं दूध टिकवायचंय आणि पोरीचं वजनही वाढवायचंय. हे दोन्ही एकाच वेळी करणारी बाई या वादात कुणालाच दिसत नाही.

इथं हेल्थ व्हिजिटर, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, घरी येते, रेड बुकमध्ये, बाळाच्या नोंदींच्या लाल वहीत, वजनाचं टिंब टाकते आणि विचारते: अंगावर, बाटली, की दोन्ही? ‘दोन्ही’ म्हटलं की दोन्हीवर खूण करते आणि पुढचा प्रश्न विचारते. भुवई वर जात नाही. त्या खुणेचं मला चार वर्षांपूर्वी केवढं अप्रूप वाटलं होतं. हे मी ग्रुपवर लिहिणारही होते, पण मग इथले आकडे आठवले. २०१० च्या इथल्या सर्वेक्षणात शंभरातल्या ८१ बायकांनी अंगावर पाजायला सुरुवात केली होती आणि सहा महिन्यांनी निव्वळ अंगावरचं दूध पिणारं बाळ शंभरात एक उरलं होतं. एक. आपल्याकडं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतली शंभरातली ६४ बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. तेव्हा इथल्यांना सगळं जमलंय आणि आपणच मागासलेले, असं मी म्हणूच शकत नाही. इथं भुवई वर जात नाही, आणि बऱ्याचदा मदतीचा हातही पुढं येत नाही.

घरच्यांचा डब्यावरचा राग कुठून येतो तेही मला कळतं. गरीब देशांत पावडरचा खप वाढवायला कंपन्यांनी जे केलं त्यावरूनच १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली. आपण तर पुढं जाऊन १९९२ मध्ये कायदा केला. आपल्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही, आईचं दूध सर्वोत्तम असं छापावंच लागतं, जाहिरात तर अजिबात नाही. मला या कायद्याचा अभिमान आहे. महाग डबा पुरवायचा म्हणून पातळ करून पाजलेलं दूध, कसलंही पाणी, नीट न उकळलेली बाटली, यानं पोरं दगावलेली आहेत. पण कायदा कंपनीला लगाम घालायला आहे. त्याचा चाबूक भावजयीच्या पाठीवर कशाला?

माझा मुलगा नोव्हेंबरात झाला. चारला अंधार पडायचा. जन्माच्या वेळी ३१०० ग्रॅम होता, पाचव्या दिवशी काट्यावर २७२०. पहिल्या काही दिवसांत वजन उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की थांबून बघतात. त्याचं बारा टक्क्यांवर गेलं होतं. कोल्हापुरात असते तर त्या दिवशी पाचवी पुजली असती. इथं मी एका खोलीत कागदावर लिहिलेलं वेळापत्रक धरून बसले होते: दर तीन तासांनी आधी अंगावर, मग वरचं ३० मिली, मग पंप. हॉस्पिटलात प्रत्येक पाळीची मिडवाइफ वेगळं सांगायची. एक म्हणायची डब्याला हात लावू नकोस, दुसरी म्हणायची रात्रीची बाटली दे आणि झोप. नवरा टेस्कोतून डबा घेऊन आला. खपाला उत्तेजन नको म्हणून त्या डब्यावर दुकानाच्या क्लबकार्डाचे पॉइंट मिळत नसत. मला त्या पावतीचीसुद्धा लाज वाटली होती.

दोन्ही दुधं चालवायची म्हणजे काय, हे मला शेवटी एका म्हाताऱ्या मिडवाइफनं बसून समजावलं. तेच भावजयीला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून इथं लिहिते. जितकं दूध अंगावरून निघतं तितकं नवं तयार होतं. वरचं दिलं आणि त्या वेळचं अंगावरचं काढलंच नाही, तर शरीर समजतं की एवढ्याची गरज नाही, आणि दूध उतरत जातं. म्हणून आधी अंगावर, दोन्ही बाजूंना, मग वरचं. एखादी वेळ चुकलीच तर हातानं किंवा पंपानं काढायचं. रात्रीचं पाजणं सोडायचं नाही, कारण दूध करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. एखादं पाजणं बंद करायचं तर हळूहळू, काही दिवस घेऊन, नाहीतर छाती दगडासारखी होते, गाठी होतात, ताप भरतो. बाटली द्यायची तर बाळाला बसतं धरून, बाटली जवळजवळ आडवी, अधूनमधून थांबत, म्हणजे बाळ आपल्या भुकेप्रमाणं पितं. आडवं झोपवून ओतलं की बाटलीची सोय लागते आणि अंगावर चिडचिड सुरू होते. वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरलं तर आणखी चांगलं.

आणि काका, हे तुम्ही वाचत असाल तर म्हशीचं दूध नको. मी कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण पिऊन मोठी झालेली पोरगी आहे. बाबा लुनावरून न्यायचे, डोळ्यांसमोर धार काढलेला फेसाळ ग्लास हातात यायचा, शेजारी तालमीतली पोरं एका दमात ग्लास रिकामा करायची. ओठावरचा तो फेस मला अजून आठवतो. पण ते वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध नाही. त्यातली प्रथिनं आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, पाणी घातलं तर पोषण उतरतं, आणि लोह त्यात नावापुरतंच. ज्या ग्रुपवर डब्याला विष म्हटलं गेलं तिथं या सल्ल्याला अंगठे मिळाले, याचं मला फार वाईट वाटलं.

माझा मुलगा सात आठवड्यांचा असताना आई इथं आली. बॅगेत अळीव, डिंक, बाळगुटीच्या मुळ्या, सगळं ‘पुढारी’च्या कागदात बांधलेलं. ती यायच्या आदल्या दिवशी मी डबा सिंकखाली वॉशिंग पावडरच्या मागं ठेवला. फोनवर सात आठवडे सांगत होते, सगळं अंगावरच चाललंय. तीन दिवस मी तिच्यापासून लपवून बाटल्या केल्या. चौथ्या रात्री फ्रिजचं दार उघडं ठेवून त्या उजेडात पावडर घेत होते तेव्हा मागून आवाज आला, “चमचा सपाट कर. शीग भरून घिऊ नको, पोट दुखंल त्याचं.” तिनं सुरी घेतली, चमच्यावरची पावडर डब्याच्या काठाशी सारखी केली. तीस मिलीला एक. हात सरावाचा होता.

मग कळलं. १९८७ मध्ये मी तीन महिन्यांची असताना ती कागलच्या शाळेत रुजू झाली. सकाळी निघताना अंगावर, दुपारी डब्याचं, संध्याकाळी येऊन दारातच बसून पुन्हा अंगावर. माझ्या सगळ्या दुपारी बोंडल्यावर गेल्या. आणि बोंडलं धरून मला पाजायची ती आत्या. हीच आत्या, जिनं गेल्या आठवड्यात “कुठं होते डबे” लिहिलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. आत्याला उघडं पाडायचं नव्हतं. तिचा लग्नाआधीचा एक उन्हाळा माझ्या तोंडाशी बोंडलं धरण्यात गेलाय. कदाचित ती खरंच विसरली असेल. पण दुसरंही कारण होतं. ‘तिकडं बसून बोलायला काय जातंय’ असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी मला ते ऐकू येत होतं. अकरा वर्षं झाली. कुणाच्या बारशाला नाही, कुणाच्या मयताला नाही. या भाचीला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू की तिला काय पाजा?

आणि खरं सांगते, मला राग येतो त्यात हेवाही आहे. भावजयीला बोलणाऱ्या पाच बायका आहेत, पण रोज सकाळी पोरीला तेल लावून न्हाऊ घालायला मावशी येतात, शेगडीचा शेक असतो, ताटात मेथीची खीर असते, आणि पोरगी रडली की घ्यायला चार हात असतात. माझ्याकडं ‘दोन्ही’वर खूण करणारी बाई होती, ती वीस मिनिटांनी कोट घालून निघून जायची. मला कुणी बोललं नाही. मला कुणी बोलावं, असं त्या नोव्हेंबरात फार वाटायचं.

भावजयीचं काम गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. २६ आठवड्यांची रजा संपली की तिलाही सकाळ-संध्याकाळ अंगावर आणि दुपारी वरचं हेच करावं लागणार. आज जे ती लपवते आहे ते तेव्हा सगळ्यांसमोर सासूच्या हातून होईल, आणि कुणाला काही वाटणार नाही. मग या मधल्या सोळा आठवड्यांत तिनं साड्यांमागं का जगायचं?

मी तिला ग्रुप सोडून एकटीला मेसेज केला, रात्री उठशील तेव्हा फोन कर. कोल्हापुरात अडीच वाजतात तेव्हा इथं दहाच वाजलेले असतात. पोरगा झोपलेला असतो आणि मी जागी असते.

पहिल्या रात्री तिनं फोन ओट्यावर, मिक्सरला टेकवून ठेवला. पाणी उकळलं, झाकलं. पाणी फार निवू द्यायचं नाही, हे मी सांगितलं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून किमान ७० अंशाच्या पाण्यातच कालवायची, बाटली मग नळाखाली धरून कोमट करायची, आणि दोन तासांच्या वर ठेवायची नाही. आधी पाणी, मग पावडर. तिनं डबा आणायला खोलीत जाऊन कपाट उघडलं, त्याचं दार करकरलं. ते दार माझ्या लग्नाआधीपासून करकरतं. मग आम्ही दोघी पाणी निवायची वाट बघत गप्प राहिलो. गल्लीत कुत्री भुंकत होती. आतल्या खोलीत बाबा खोकले, कूस बदलली. “बाबांना सर्दी झालीय का गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “दोन दिवस झाले, ताई.” आणि चमच्यावरून सुरी फिरवली.