स्कीइंगचा रॅम्प

सकाळी सकाळी आमच्या युक्रेनमधल्या खारकिव्हच्या मेडिकल बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. जिन्यावर व्हीलचेअरसाठी दोन लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, उतार असा की बोकडसुद्धा घसरेल, खाली लिहिलंय 'रशियन रॅम्प'. सगळे हसतायत. खोटं कशाला बोलू, आधी मीपण हसलो. मग डोकं सटकलं.

तिकडचा आमच्या शेजारचा मुलगा आठवला. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळातली पाच मजली बिल्डिंग, लिफ्ट नाहीच, हा चौथ्या मजल्यावर, आणि पाय गेलेले. कागदावर 'पेर्वाया ग्रुप्पा', पहिला गट. माणूस किती काम करू शकतो त्यावरून गट पाडायची ही सोव्हिएत पद्धत, देश बुडाला तरी गट तसेच राहिले. पठ्ठ्या घरी बसून अख्ख्या बिल्डिंगचे मोबाईल दुरुस्त करायचा, पण कागदावर निकामी! महिनोन्महिने खाली उतरायचा नाही. एका रविवारी मी आणि माझ्या लातूरच्या रूममेटने खुर्चीसकट उतरवला त्याला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला नवा रॅम्प लागला होता, हाच, दोन पट्ट्यांचा. बघून म्हणाला, "स्कीइंगसाठी दिसतोय."

मॉस्कोने 1980 चं ऑलिंपिक घेतलं पण पॅरालिंपिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिंपिक, नको म्हटलं, ते हॉलंडमध्ये आर्नहेमला झालं. आमच्याकडे अपंगच नाहीत, असं कोणी अधिकारी म्हणाला होता म्हणे. होते की! चौथ्या मजल्यावर.

हो, सोव्हिएत काळात पेन्शन यायची, अंधांसाठी वेगळे कारखाने होते, आणि नव्वदनंतरच्या महागाईने त्या पेन्शनची पार माती केली, मान्य. पण मग बाजार आला, दुकानं आली, नियम आले आणि रॅम्प कुणासाठी लावला तर तपासायला येणाऱ्या साहेबासाठी. खुर्चीत बसणाऱ्याला विचारलं कुणी?

आणि तोच युक्रेन 2016 ला रिओच्या पॅरालिंपिकमध्ये मेडल टेबलात तिसरा, बरं का. त्यांच्या पॅरालिंपिक समितीचा व्हॅलेरी सुश्केविच, स्वतः व्हीलचेअरवरचा माणूस, त्यासाठी वर्षानुवर्षं मागे लागला, 2014 ला रशियाने क्रिमिया घेतल्यावर तिथलं ट्रेनिंग सेंटर हातचं गेलं तरी. पण मेडल वेगळं आणि जिना वेगळा.

आपण कुणावर हसतोय पण? आमच्या पुण्याच्या सोसायटीत रॅम्प आहे, त्यावर सेक्रेटरींची ॲक्टिव्हा लागलेली असते. बोललो तर म्हणतात, आपल्याकडे तसं कोण आहे? सेम डायलॉग!!

असो. चिडून काय होणार.

फेब्रुवारी 2022 ला खारकिव्हवर रशियाचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्या शेजारच्या मुलाच्या आईला मेसेज केला होता. लोक मेट्रोत जाऊन झोपत होते. तिने लिहिलं, मेट्रो खाली आहे रे बाळा, आम्ही वर आहोत, त्याला बाथरूमजवळ दोन भिंतींच्या मधे झोपवलंय. मी 'काळजी घ्या' एवढंच टाइप केलं.

त्या रॅम्पवाल्या रविवारी त्याला परत वर चढवताना घाम फुटला होता आम्हाला. पुढच्या रविवारी परत नेतो म्हणालो होतो. पुढच्या रविवारी परीक्षेचा अभ्यास होता, मग सुट्ट्या लागल्या, मग आम्ही डॉक्टर होऊन इकडे आलो.