सर्दीचे ड्रॉप्स ‘अर्धा चमचा’: हिशेब करून पाहू

गड्ड्याची जत्रा जवळ आली, रात्रीचा गारठा वाढला की सोलापुरात घरोघरी पोरांची नाकं वाहू लागतात. मोबाइलवर तो संदेशही मग फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: बाळाला सर्दी झाली तर दवाखान्यात पैसे घालवू नका. मेडिकलमधून सर्दीचे ड्रॉप्स आणा, अर्धा चमचा पाजा, बाळ शांत झोपेल. सोबत तापाचं औषध द्या, नाकात थेंब घाला, छातीला कापूर-तेल चोळा. नाक हिरवं झालं तर अँटिबायोटिक.

साध्या सर्दीला दवाखाना लागत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. सर्दी विषाणूची असते आणि आठ-दहा दिवसांत आपसूक जाते; खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. घोळ आहे तो पुढच्या सल्ल्यात.

आधी ‘अर्धा चमचा’ घेऊ. बाजारातल्या नेहमीच्या ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन (नाक वाहणं थांबवण्यासाठी) आणि ५ मिलिग्रॅम फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी) असतं. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली. म्हणजे ५ मिलिग्रॅम आणि साडेबारा मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस ४ आणि १० मिलिग्रॅमचा. म्हणजे संदेश पाळणारी आई आठ किलोच्या बाळाला बापापेक्षा जास्त औषध पाजते. स्वयंपाकघरातला चमचाही काही ठरलेल्या मापाचा नसतो. ड्रॉप्स आणि सिरप यांची बाटली सारखीच दिसते, पण ड्रॉप्स कितीतरी पटींनी कडक असतात, आणि चूक नेमकी तिथेच होते.

बरं, माप बरोबर असलं तरी? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी याच मिश्रणाच्या लेबलवर ‘चार वर्षांखालच्या मुलांसाठी वापरू नये’ असा इशारा छापायला सांगितला. फिनाइलेफ्रिन तोंडावाटे घेतल्याने मोठ्यांचंही नाक मोकळं होत नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये ते विनाचिठ्ठी औषधांतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली, त्या सिरपमध्येही हीच औषधं होती. मात्र तिथे जीव घेतला तो डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाच्या भेसळीने. दोन्ही गोष्टींची गल्लत नको. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाचच्या आत ती सहसा टाळावीत.

‘बाळ शांत झोपेल’ हे मात्र खरं आहे, आणि भीती त्याचीच आहे. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. सर्दी एका दिवसानेही लवकर जात नाही, फक्त रड थांबते. गुंगीतलं बाळ नीट पीत नाही, आणि श्वास लागला असेल तर झोपच लागलीय असं वाटून तो लक्षात येत नाही.

तापाचं औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, चालतं, पण अंदाजाने नाही. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम लागतं. ते ५ मिलीत १२५ असलेल्या सिरपचे ६ मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३ मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. ‘सहा मिली’ एवढंच लक्षात ठेवून ड्रॉप्स पाजले तर डोस चौपट. म्हणून लेबलवरचा आकडा वाचायचा, वजन अंगणवाडीत करून घ्यायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजायचं. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे सोबत वेगळं दिलं की ते दुप्पट होतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे. आणि अॅस्पिरिन कुठल्याच मुलाला नाही.

नाकातले थेंबही दोन जातींचे, आणि दुकानात ‘नाकाचा ड्रॉप’ म्हटलं की कुठलाही हातात पडतो. आपल्याला हवं ते मिठाचं पाणी: लेबलवर ‘सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के’. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलं असेल तर परत करा. तान्ह्यांत त्याने सुस्ती येते, श्वास मंदावू शकतो. दूध पाजण्याआधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब नाकात घालायचे, मिनिटभर थांबायचं, मग रबरी फुग्याने शेंबूड ओढायचा. फुगा आधी दाबून मगच नाकपुडीत लावा. आत लावून दाबला तर शेंबूड मागे जातो.

कापूर नकोच. वडी तोंडात गेली तर झटके येतात. धुरीने खोकला वाढतो. घरात विडीचं काम किंवा माग असेल तर तंबाखूच्या नि सुताच्या धुळीपासून बाळाला लांब निजवा. ड्रॉप्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त. खोकल्याला वर्षावरच्या मुलाला निजताना अडीच मिली मध. वर्षाच्या आत मध चाटवायचासुद्धा नाही, त्यातून बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

हिरवा शेंबूड म्हणजे जंतूंचा संसर्ग नव्हे. साध्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट आणि हिरवट होतो.

दवाखाना कधी गाठायचा, हे संदेशात कुठेच नाही. मूल शांत असताना पोट उघडं करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, दूध-पाणी न घेणं, जागं करूनही न उठणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा. निघताना पाजलेल्या औषधाची बाटली सोबत घ्या आणि किती वाजता किती मिली दिलं ते सांगा. डॉक्टरांना त्यावरूनच कळतं की ही सुस्ती आजाराची आहे की औषधाची.