'सेव्ह सोडा, अपडेट_कॉलम वापरा' हा मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

गेले काही दिवस रेल्सवाल्यांच्या (रेल्स म्हणजे रुबी भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ग्रुपवर "ॲक्टिव्ह रेकॉर्ड फास्ट करायच्या चार ट्रिक्स" म्हणून एक मेसेज फिरतोय. (ॲक्टिव्ह रेकॉर्ड म्हणजे रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग.) मी दोन-तीनदा बघून सोडून दिला होता. पण परवा माझ्या मावसभावाने तो वाचून सतरा ठिकाणचं सेव्ह काढून अपडेट_कॉलम टाकलं आणि मोठ्या हौसेने मला ब्रँच (कोडची त्याची वेगळी प्रत) दाखवली, पहिलीच नोकरी आहे त्याची, तेव्हा मात्र राहवलं नाही.

मेसेजचं म्हणणं असं: सेव्ह दर वेळी टेबलातली अख्खी रो (ओळ) लिहितं म्हणून स्लो. म्हणून सगळीकडे अपडेट_कॉलम (एकच कॉलम थेट डेटाबेसमध्ये लिहिणारी मेथड) वापरा. व्हॅलिडेशन (आत जाणारा डेटा बरोबर आहे का याची तपासणी) आडवं येत असेल तर अपडेट_ॲट्रिब्यूट वापरा, ते फक्त तेवढं एकच फील्ड बदलतं. आणि रीड_ॲट्रिब्यूटने डेटाबेसमधली कच्ची व्हॅल्यू मिळते.

सगळ्यात घातक दुसरा मुद्दा आहे, आधी तोच घेतो.

भावाच्याच ब्रँचवर आम्ही कन्सोल उघडून एका साडीची किंमत अपडेट_कॉलमने ४५० ची ५२० केली. ट्रू आलं. लॉगमध्ये एका ओळीची क्वेरी, त्यात प्राइस सोडून दुसरा कॉलम नाही. टेबलात ५२०. ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश केलं तर ४५०, परत केलं तरी ४५०च. तो म्हणाला, दादा, कॅशे उडवू का? अरे, कॅशेची काय चूक! कॅशेत साठवलेला पानाचा तो तुकडा शिळा झालाय की नाही हे रेल्स अपडेटेड_ॲट (रेकॉर्ड शेवटचा बदलल्याची वेळ) बघून ठरवतं, आणि अपडेट_कॉलम त्या वेळेला हातच लावत नाही, म्हणजे रेल्सच्या लेखी ती साडी बदललेलीच नाही. गिऱ्हाईक ४५० बघून ऑर्डर टाकणार आणि बिल ५२० चं निघणार, शिव्या सपोर्टवाल्या पोरीला.

आणि हे नुसतं वेळेचं झालं. कॉलबॅक (सेव्हच्या आधी-नंतर आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, म्हणजे किंमत बदलल्याची नोंद ठेवणारा कोड गप्प, सर्च इंडेक्स जुनाच, साडीला कॅटेगरीशी जोडणाऱ्या बिलाँग्स_टू वर टच (वरच्याचीही वेळ बदलणारा पर्याय) लावलेला असेल तर वरच्या कॅटेगरीला पत्ताच नाही. व्हॅलिडेशनही नाही. मी त्याच्यासमोर किंमत उणे ५२० टाकून दाखवली, निमूट गेली आत. डेटाबेसवर चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसचा स्वतःचा नियम) नसेल तर अडवणार कोण?

आता खरं तेवढं मान्य करतो. अपडेट_कॉलम फास्ट आहे, आणि त्याची जागाही आहे. युजर शेवटचा कधी दिसला असली नोंद, किंवा आफ्टर_सेव्ह (सेव्ह झाल्यावर चालणारा कॉलबॅक) च्या आत एखादं फील्ड लिहायचंय आणि परत सेव्ह केलं तर चक्र सुरू होईल, तिथे वापरा. पण तिथे आपण काय वगळतोय हे माहीत असतं. "सगळीकडे" हा शब्द कुठून आला?

अपडेट_ॲट्रिब्यूटचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. रेल्सच्या एपीआय डॉक्युमेंटेशनमध्ये या मेथडखाली चारच ओळींची यादी आहे: व्हॅलिडेशन वगळलं जातं, कॉलबॅक चालतात, अपडेटेड_ॲट बदलतं, आणि ऑब्जेक्टमधले बदललेले सगळेच ॲट्रिब्यूट सेव्ह होतात. चौथी ओळ परत वाचा. वरती कुठेतरी युजरचा ईमेल रिकामा झालाय, खाली तुम्ही अपडेट_ॲट्रिब्यूटने फक्त नाव बदलताय असं तुम्हाला वाटतंय, तर तो रिकामा ईमेलही त्याच क्वेरीत व्हॅलिडेशन चुकवून डेटाबेसमध्ये जातो. अशा बगचा मागही लागत नाही, कारण ज्या ओळीने लिहिलं तिथे ईमेलचं नावसुद्धा नसतं.

सेव्ह अख्खी रो लिहितं हे एके काळी खरं होतं. २००८ च्या रेल्स २.१ मध्ये पार्शल अपडेट आलं, तेव्हापासून काय बदललं ते ऑब्जेक्ट लक्षात ठेवतो आणि तेवढेच कॉलम क्वेरीत जातात. काहीच बदललं नसेल तर अपडेट क्वेरी जातच नाही. लॉग उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं तरी करा फॉरवर्ड करायच्या आधी.

रीड_ॲट्रिब्यूटनेही कच्ची व्हॅल्यू मिळत नाही, कॉलमच्या टाइपमध्ये (प्रकारात) बदलूनच मिळते. इंटिजर (पूर्णांक) कॉलमला "१२ नग" असं इंग्रजी आकड्यात लिहून दिलंत तर १२ येईल. दिलं तसंच्या तसं हवं असेल तर त्याच नावापुढे _बिफोर_टाइप_कास्ट लावलेली वेगळी मेथड आहे.

भावाच्या सतरापैकी दोन जागा तशाच ठेवल्या, पंधरा परत फिरवल्या. ब्रँच तोवर स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) दोन दिवस चालली होती, म्हणून रात्री बसून तिथल्या सगळ्या प्रॉडक्टवर एकेक करून व्हॅलिड? (व्हॅलिडेशन पास होतं का ते सांगणारी मेथड) चालवलं. तीन नापास निघाली, त्यातल्या एकाला नावच नव्हतं.